कानाच्या डॉक्टरांचा नादकाटा

मी एक जुना नादकाटा आहे. पोलादाची एक दांडी आणि तिला दोन पाय, एवढाच माझा देह. गुडघ्यावर आपटलं की मी गुणगुणतो. मित्रांनो, आपण होऊन बोलायची सोय माझ्यापाशी नाही. त्यापायी काय घडलं ते ऐका.

आमचे डॉक्टर कान-नाक-घशाची परीक्षा पास झाले, तेव्हा त्यांच्या सरांनी मला त्यांच्या हातात ठेवलं. तेव्हापासून छत्तीस वर्षं मी त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशात राहिलो. नाकात मणी घालून आलेली पोरं, घसा बसलेले शिक्षक, छापखान्यातल्या धडधडीने कान गेलेले कामगार, सगळे मी त्या खिशातून पाहिले. बायकोची हाक ऐकू येत नाही, पण चहाची येते, अशा नवरोबांना डॉक्टर हसून परत पाठवत.

त्यांची तपासायची रीत सरांकडून आली होती. मला वाजवून ते पेशंटच्या कानामागच्या हाडावर टेकवत. आवाज संपला की पेशंटने बोट वर करायचं. लगेच ते मला स्वतःच्या कानामागे धरत. त्यांना अजून ऐकू आलं, तर पेशंटचा कान कमी. त्यांनाही ऐकू आलं नाही, तर कान चांगला. "माझा कान हेच माझं माप," असं ते अभिमानाने सांगत. मीही खिशात फुशारत असे.

पण मापच झिजलं तर? डॉक्टरांच्या पत्नी म्हणायच्या, "हाका मारून माझा घसा दुखतो हो!" डॉक्टर म्हणायचे, "तू हल्ली पुटपुटतेस." हेच वाक्य त्यांनी कितीतरी पेशंटच्या तोंडून ऐकलं होतं आणि गालातल्या गालात हसले होते. त्यांची मुलगी मोठ्या हॉस्पिटलात कानाचीच डॉक्टर. ती म्हणाली, "बाबा, एकदा मशीनवर कान तपासून घ्या ना." त्यांनी विषय झटकला. मला मात्र सगळं कळत होतं. त्यांच्या कानामागे मी चांगला वाजत असताना ते मला खाली ठेवू लागले होते.

मग एका सकाळी एक बसड्रायव्हर आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आला. "ताप उतरला, पण तीन दिवस झाले, हिला नीट ऐकू येत नाही. वर्गात बोलणी खाते," तो म्हणाला. असा अचानक गेलेला कान लगेच औषध मिळालं तर पुष्कळदा परत येतो. म्हणजे एकेक दिवस मोलाचा होता.

डॉक्टर तिच्याशी बोलले. हल्ली ते मोठ्यानेच बोलत, त्यामुळे त्यांचं सगळं तिला ऐकू गेलं. त्यांनी मला वाजवून तिच्या कानामागे टेकवलं. तिने किती लवकर बोट वर केलं! त्यांनी मला स्वतःच्या कानामागे धरलं. मी जीव तोडून वाजत होतो. ऐका हो डॉक्टर, निदान आज तरी ऐका!

"माझ्याइतकेच चांगले कान आहेत हिचे," ते म्हणाले. "शाळा चुकवायचा बहाणा दिसतोय." गंमत म्हणून त्यांनी मला तिच्या हातात दिलं. तिने माझ्या टोकाला बोट लावलं.

"डॉक्टरकाका, हा अजून थरथरतोय."

डॉक्टर हसले. त्यांनी मला परत घेतलं आणि मुठीत धरलं. मी गप्प झालो.

बाप निश्चिंत होऊन गेला. वाटेत त्याने तिला रागावलं असेल का, या विचाराने अजून माझा जीव तुटतो.

पाच आठवड्यांनी डॉक्टरांची मुलगी तिच्या हॉस्पिटलात तपासलेल्या एका लहान पेशंटचा कानाचा रिपोर्ट घेऊन घरी आली. तिने कोटाच्या खिशातून मला काढलं, वाजवलं आणि वडिलांच्या कानामागे टेकवलं.

"संपला की सांगा, बाबा."

"संपला."

तिने मला स्वतःच्या कानामागे धरलं. मी वाजत राहिलो, वाजतच राहिलो, आणि तिचे डोळे भरून आले. डॉक्टर तिच्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी रिपोर्टवरचं पेशंटचं वय वाचलं, नऊ वर्षं; बापाचं काम वाचलं, बसड्रायव्हर.

"औषध दे तिला. आजच सुरू कर."

"वेळ गेली, बाबा."

त्या दिवसापासून दवाखाना बंद आहे. बसड्रायव्हरच्या मुलीला आता दोन्ही कानांना यंत्रं लावावी लागतात.

मित्रांनो, मी धातूचा तुकडा, तुम्हाला काय शिकवणार? पण घरची माणसं तुम्हाला सारखी काही सांगत असतील, तर त्यांच्यावर चिडू नका. इतरांना तपासणाऱ्यांनी आधी स्वतःला तपासून घ्यावं. आणि एखादं लहान मूल म्हणालं, की हे अजून थरथरतंय, तर कृपा करून मूठ मिटू नका.

मी आता टेबलाच्या खणात असतो. रोज सकाळी डॉक्टर मला बाहेर काढतात, गुडघ्यावर आपटतात आणि कानामागे धरून मोठ्याने विचारतात, "त्या दिवशी तू वाजत होतास का रे?"

मी वाजत असतो. ते थोडा वेळ वाट बघतात आणि मला परत खणात ठेवतात.