मागच्या भिंतीतलं यंत्र

उष्णता कधीच नष्ट होत नाही, हा विश्वाचा अढळ नियम आहे. आर्णीत ती वच्छलाबाईंच्या अंगणात जाते.

हे मे महिन्यात वच्छलाबाईंच्या ध्यानात आलं. शेजारच्या अनंतरावांच्या मागच्या भिंतीतून जाळीची एक पेटी बाहेर डोकावत होती. दिवसभर ती घुमायची, गरम वारा सोडायची आणि खालच्या नळीतून थेंब थेंब काहीतरी गाळायची. भिंतीमागच्या खोलीला कायम कुलूप. अनंतरावांचा मुलगा अभिषेक नाशिकच्या हॉटेलात नोकरीला. दिवाळीत येऊन त्यानंच ही खोली बांधली होती. कसली, असं विचारलं की अनंतराव ‘स्टोअर रूम’ म्हणायचे आणि विषय सोयाबीनवर न्यायचे.

वच्छलाबाईंनी याहून कमी पुराव्यावर नाल्याकाठच्या भट्ट्या फोडल्या होत्या. अडचण एकच. ज्या दारूबंदी पथकात राहून त्या फोडल्या, त्याच्या अध्यक्षा सुचित्राताई याच अनंतरावांच्या पत्नी. रविवारी वॉर्डातल्या देशी दुकानावर बायकांचं मतदान होतं. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीच्या चित्रावर शिक्का मारला की दुकान बंद. त्याआधी अध्यक्षांच्याच घरात भट्टी निघाली, तर उभ्या बाटलीवाल्यांना प्रचारच करावा लागला नसता.

शंका सुचित्राताईंनाही होतीच. प्रचार करून घरी यावं तर नवऱ्याचे डोळे लाल, नाक लाल, आवाज जड. एकदा तर अंगात स्वेटर. बाहेर पंचेचाळीस डिग्री.

शुक्रवारी पथक सुचित्राताईंच्याच ओसरीवर बसलं आणि अनंतरावांना बोलावणं गेलं. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. खोलीत काय आहे ते सांगण्यापेक्षा यंत्र कसं चालतं ते सांगावं, असा त्यांनी विचार केला. सगळा कारभार एकाच पेटीत आहे, ते म्हणाले. आतल्या नळ्यांत एक द्रव असतो. तो खोलीतली उष्णता घेतो, उकळतो, त्याची वाफ होते. पंप ती वाफ दाबतो, ती आणखी तापते. मग बाहेरच्या नळ्यांत ती निवते आणि तिचा पुन्हा द्रव होतो.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

“उकळते, वाफ होते, नळीत निवते, अन् पुन्हा पातळ होते,” वच्छलाबाई म्हणाल्या. “ताई, हे तं कबूलच करून राह्यले.”

अनंतराव म्हणाले, तो द्रव पेटीबाहेर येतच नाही. गळते ती हवेतली ओल.

“मे महिन्यात? आर्नीच्या हवेत? भाऊजी, आम्ही काय पुन्याहून आलो का?”

यावर त्यांच्याकडे उत्तर होतं, पण ते दिलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं.

“अहो, किल्ली,” सुचित्राताई म्हणाल्या.

आत भिंतभर लाकडी फळ्या होत्या आणि त्यांवर वाइनची एक बाटली. बाकीच्या अभिषेक सवडीनं आणणार होता. वाइनला बारा-तेरा डिग्री लागते, आणि बूच ओलं राहावं म्हणून बाटली आडवी ठेवतात, असं अनंतरावांनी भिंतीकडे बघत सांगितलं.

“चिन्ह तं आपलंच हाय,” वच्छलाबाई म्हणाल्या.

फळ्यांखाली खाट होती. तिच्यावर गादी, उशी आणि रजई. अनंतराव महिनाभर दुपारी इथं झोपत होते. नळीतून गळत होता तो बहुतेक त्यांचाच श्वास. कळलं तर सगळी गल्ली येऊन बसेल, ही त्यांची भीती होती. ती खरी ठरली.

कूलरच्या सवयीनं कोणीतरी दार उघडं ठेवलं. हा कूलर नाही, दार लावून घ्या, असं अनंतरावांनी कळवळून सांगितलं. बायकांनी ते आतून लावलं. अनंतराव बाहेर होते.

बाटली सुचित्राताईंनी मोरीत ओतली. खोली पथकाच्या ताब्यात राहिली.

रविवारी पथकानं घरोघरी जाऊन बायकांना केंद्रावर न्यायचं ठरलं होतं. सकाळी एक फेरी झाली. दुसरी जरा ऊन उतरल्यावर करू, असं खोलीत बसून ठरलं.

मतदान पाचला संपलं. आडव्या बाटलीला यादीतल्या निम्म्या बायकांचीही मतं पडली नाहीत. दुकान सुरू आहे.