मनगटावरचा धागा

कनेरगाव नाक्यावर दिगांबरचं लोखंडी खिडक्या-दरवाजे बनवायचं दुकान. ड्रिल मशीन हातात घेण्याआधी तो मनगटावरचा लाल धागा काढून खिळ्याला अडकवायचा. सोळा सोमवार धरून त्याच्या बायकोनं, मंजुषानं, त्याच्या जिवासाठी बांधलेला तो धागा. परवा ती डबा घेऊन आली आणि खिळ्यावरचा धागा बघून तिचा चेहराच उतरला.

“काहून काढला? माझे उपास पाण्यात घालून राहिलात व्हय?”

“अगं, फिरत्या मशीनीत गुतला तं हात पिळवटून टाकंल.”

“देवाचा धागा हाय तो. त्यानं काय व्हतंय?” म्हणत तिनं स्वतःच घट्ट गाठ मारली.

तो हसला. “बरं बाई, आता तू अन् तुझा देव.”

त्याच दुपारी गाठीचं लोंबतं टोक ड्रिलनं ओढून घेतलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्यात सासूनं मंजुषाच्या पाठीवरून हात फिरवला. “पोरी, तुझ्या धाग्यानंच वाचलं माझं लेकरू.”

दिगांबरनं डोळे मिटून घेतले. खरं काय ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. मंजुषानं पदर सारखा केला आणि म्हणाली, “व्हय, आत्याबाई.”