गावातल्या सगळ्या मल्सुन

मल्सुन हे नाव कुणी हौसेने ठेवत नसे. मुलींवर मुली झाल्या की बाप वैतागून धाकटीला मल्सुन म्हणायचा, म्हणजे मुलींचा हा शेवट, आता मुलगा येऊ दे. तक घराण्यातल्या मल्सुनच्या पाठीवरही मुलगीच झाली आणि त्याचं खापर मल्सुनवर फुटलं. लग्न होऊन ती सेत्गोलला आली. बायकांचं आडनाव लग्नानंतरही माहेरचंच राही, पण माहेर उल्जिनचं, म्हणून सगळं गाव तिला उल्जिनवाली म्हणू लागलं. नाव बुडालं, तिला ते बरंच वाटलं.

अशी ही बाई साठी उलटल्यावर गावप्रमुखाच्या निवडणुकीला उभी राहिली. कारण साधं होतं. गावच्या समाजघरात पुरुषांच्या खोलीची जमीन खालून फिरणाऱ्या गरम पाण्याने छान तापायची, बायकांच्या खोलीचा बॉयलर मात्र कधीचा बंद. सगळ्यांचं जेवण रांधायचं बायकांनी आणि गारठायचंही त्यांनीच. जुना प्रमुख क्वाक दर हिवाळ्यात नुसतं ‘बघू’ म्हणायचा.

उभं राहायचं तर खरं नाव सांगणं भाग होतं. सभेत तिने ते कसंबसं सांगितलं, तेव्हा क्वाकचे दोस्त फिदीफिदी हसले.

मतांच्या चिठ्ठ्या उघडल्यावर ते हसू मावळलं. बंग गुरुजी एकेक वाचत होते आणि मल्सुन, मल्सुन असा जपच चालला होता. क्वाक उठला. चिठ्ठीवर आडनाव नाही, या नावाच्या बायका गावात ढिगाने, मत नक्की कुणाला ते कसं कळणार, ही मतं बाद करा, असा त्याने हट्ट धरला. गुरुजीही पेचात पडले. बापाने दिलेलं नाव इथेही आडवं आलं, या विचाराने मल्सुनचे डोळे भरून आले.

तेवढ्यात सफरचंदांच्या बागेची मालकीण उभी राहिली. “मीही मल्सुन, आडनाव ओ. मी उभी नाही. चिठ्ठ्या हिच्याच आहेत.”

मागून गिरणीवाल्याची बायको उठली. “मीपण मल्सुन. मी कुणाकडे मत मागितलेलं नाही बाई.”

क्वाक खेकसला, “आणखी किती असतील कोण जाणे!”

“एक राहिलीय,” स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. क्वाकची बायको शेवयांचा झारा हातात घेऊन उभी होती. गावाच्या लेखी ती गिचुलची आई, बस. “मीही मल्सुनच. अहो, विसरलात? मीसुद्धा उभी नाही. आणि माझं मत कुणाला ते विचारू नका, संध्याकाळी घरी जेवायचंय तुम्हाला.”

अख्खं समाजघर हसून लोटपोट झालं. क्वाक मटकन खाली बसला. गुरुजींनी सगळ्या चिठ्ठ्या मोजल्या आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, “गावप्रमुख, तक मल्सुन.”

आज बाप समोर हवा होता, असं तिला फार वाटलं. टाळ्या चालू असतानाच ती उठली, सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि गिचुलच्या आईच्या हातातला झारा तिने काढून घेतला.

“ये मल्सुन,” ती म्हणाली, “पुढे येऊन बस.”