करदोड्याला बांधलेली किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी इंग्रजी कादंबरी आहे. नाक मुरडू नका! इंग्लंडात राणीचं राज्य होतं तेव्हा माझा जन्म झाला आणि आता मी मंगरुळपीरच्या एका वाचनालयात, लाकडी कपाटात, काचेमागे उभी आहे. उभी कसली, कोंडलेली आहे.

माझ्या पोटात मार्था नावाच्या मुलीची गोष्ट आहे. आईबाप गेल्यावर तिचा मामा तिला घरी आणतो आणि माडीवरच्या खोलीत ठेवून बाहेरून कुलूप लावतो. मामा दुष्ट नाही बरं का. तो तिला वेळेवर जेवण देतो, शेकोटी पेटवून देतो. बाहेर साथ आहे, पोर हातची जाईल, या भीतीनं त्याचा जीव अर्धा झालेला. मार्था बिचारी खिडकीतून रस्ता बघत मोठी होते.

जाड कागद, पक्की शिवण, पाठीवर सोनेरी अक्षरं, असा माझा थाट होता. एका मास्तरांनी मला या वाचनालयाला दिलं आणि माझे सुखाचे दिवस सुरू झाले. कुणी मला ज्वारीच्या पोत्यावर बसून वाचलं, कुणी माझ्यावर चहाचा कप ठेवला. एका पानावर तर हळदीचं बोट उमटलं आहे. तेव्हा मी फार कुरकुरायचे. आता त्या बोटाचीच आठवण येते.

मग इंद्रभान ग्रंथपाल झाले. पुस्तकांवर त्यांची फार माया! एकदा एक पुस्तक परत आलं ते शेळीनं निम्मं खाल्लेलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळी जुनी पुस्तकं कपाटात गेली, दाराला कुलूप लागलं आणि किल्ली त्यांच्या करदोड्याला. तपासणीचे साहेब आले की मला बाहेर काढायचं, पुसायचं आणि टेबलावर मांडायचं. साहेब माझी पाठ बघून ‘वा वा’ म्हणायचे. उघडत मात्र कुणीच नव्हतं. अशी कितीतरी वर्षं मी काचेतून माणसं बघत काढली.

मागच्या उन्हाळ्यात आसेगावची इफ्रा आली. तिला कॉलेजात ‘जुन्या कादंबरीतली कैद’ या विषयावर बोलायचं होतं. तिनं काचेला नाक लावून माझं नाव वाचलं.

“काका, हे घरी नेऊ का?”

“नोको वं पोरी. इथंच बस, माह्यासमोर. पान मी उलटतो, तू फक्त वाच.”

आणि खरंच, हात धुऊन ते माझी पानं उलटू लागले! त्यांना इंग्रजी येत नव्हतं. इफ्रा वाचायची आणि त्यांना सांगायची. हळूहळू तेही गोष्टीत गुंतले.

“पण मामानं तिले कोंडलं काहून?”

“तिच्याच भल्यासाठी, काका. बाहेर गेली तं बिमार पडीन म्हणे.”

“मंग बराबर हाय न त्याचं!” इंद्रभान म्हणाले. इफ्रानं त्यांच्या किल्लीकडे एकदा बघितलं आणि ती पुढे वाचू लागली.

शेवटचं प्रकरण तेवढं उरलं. मामा कुलूप लावायला विसरतो आणि मार्था दारापाशी येते, इथवर ते दोघं पोचले. तेवढ्यात इंद्रभानांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला मुलीकडे जावं लागलं.

“तवर मले घरी नेऊ द्या न, काका. जपून ठेवीन.”

“मी आल्यावर वाचू. कपाटात हाय तं बिनघोर हाय.”

ते गेले आणि पावसाची झड लागली. भिंतीला ओल आली आणि वाळवी कपाटाच्या मागच्या फळीतून थेट माझ्या मागच्या पानांत शिरली. इफ्रा दोनदा येऊन काचेपाशी उभी राहिली, पण पुढून मी जशीच्या तशी दिसत होते. सांगू कुणाला? तोंड दाबून बुक्क्यांचा मार! मदत हातभर अंतरावर होती आणि किल्ली अकोल्याला.

इंद्रभान परतले ते काळा चष्मा लावून. इफ्रा शेजारीच होती. त्यांनी कुलूप उघडून मला उचललं तर मागून माती सांडली. शेवटचं प्रकरण गेलं होतं.

“सुटली का वं थे मार्था?” त्यांनी विचारलं.

“मालूम नाही, काका. फोनवरबी पाह्यलं. हे पुस्तक कुठंच नाही.”

“मी तं जपूनच ठेवलं होतं, पोरी.”

“मामानंबी जपूनच ठेवलं होतं,” इफ्रा हळूच म्हणाली.

इंद्रभान खाली बसले. मग त्यांनी करदोड्यावरची गाठ सोडली, किल्ली टेबलावर ठेवली आणि मला इफ्राच्या हातात दिलं. “घेऊन जाय,” म्हणाले. तिच्या पिशवीतून मी आसेगावला जाऊन आले. इतक्या वर्षांनी बाहेरची हवा लागली, पण रडू येत होतं.

परतल्यावर मी पुन्हा त्याच कपाटात आले. कुलूप आता नाही, पण इंद्रभानांच्या जुन्या धाकानं कुणी हात लावत नाही. म्हणून सांगते, मित्रांनो, आम्हाला हळदीचं बोट लागू द्या, कोपरा दुमडू द्या. शेळीलाही मी एक वेळ माफ करीन. पण मायेनं कोंडून ठेवू नका. मार्थाचं पुढे काय झालं, हे आता मलाच आठवत नाही. ते ज्या पानांवर होतं ती पानंच उरली नाहीत. माझ्या उरलेल्या शेवटच्या पानावर दार उघडं आहे आणि ती कडीला हात लावून आतच उभी आहे.