अंजलीताईंचे दोनशे शेअर

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. लोक मला शेअर सर्टिफिकेट म्हणतात. एखाद्या कंपनीत अमुक माणसाचा छोटासा वाटा आहे, एवढेच माझ्यावर लिहिलेले असते. माझ्यावरची कंपनी म्हणजे 'सुखसदन भांडार', साबणापासून सतरंजीपर्यंत सारे विकणारी. आणि नाव आहे अंजली धनराज पगारे, शेअर दोनशे.

छापून आलो तेव्हा मी वेलबुट्टीच्या किनारीचा, हिरवागार होतो. अंजलीताई नाशिक रोडच्या दुकानात बिलाच्या काउंटरवर होत्या. कंपनीने जुन्या नोकरांना शेअर दिले, तेव्हा मालकांनी सर्वांसमोर मला त्यांच्या हाती ठेवले. टाळ्या वाजल्या. पाहुणे आले की ताई हात पुसून मला बाहेर काढायच्या. "आता मी नोकर नाही, मालकीण आहे," म्हणून हसायच्या. पुढे त्या निवृत्त झाल्या आणि मी कपाटात साड्यांखाली गेलो. कित्येक वर्षे मला कोणी पाहिले नाही.

यंदा एका दुपारी कपाट उघडले.

"आई, सुखसदनचा भाव निम्म्याच्याही खाली आलाय," त्यांची लेक तृप्ती सांगत होती. "मनमाडचं दुकान बंद झालं. विकून टाक. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन तरी होईल."

"घाई कशाला?" खुर्चीतून धनराजबाबा म्हणाले. "दिवाळीत गिऱ्हाईक येतं. भाव चढेल. तोवर चालतंय माझं."

ताई मला उलटसुलट करून पाहत होत्या. मला वेगळेच भय होते. हल्ली शेअर विकायचे तर आधी आम्हा कागदांवर रद्दचा शिक्का बसतो आणि वाटा संगणकातल्या खात्यात जातो. विकले तर मी संपणार. न विकले आणि कंपनी बुडाली, तर मी रद्दीत जाणार.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला पर्समध्ये घातले आणि त्या थेट दुकानात गेल्या. निम्म्या ट्यूबलाइट बंद होत्या. फळीवर बिस्किटांचे पुडे ओळीने उभे होते. ताईंनी एक उचलला आणि मागे हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला. मागे काहीच नव्हते.

"जय भीम, ताई," काउंटरवरची मीना हळूच म्हणाली. ती ताईंच्या बरोबरीने राबलेली.

"मीना, माल कुठाय गं?"

मीनाने इकडेतिकडे पाहिले. "येतच नाय, ताई. आहे तो पुढे ओढून ठेवतो. पगारपण अर्धाच मिळतो."

"आणि तुझे शेअर?"

"मागच्या महिन्यात विकले. तुम्हाला फोन करणार होते, पण धीर नाय झाला. तुम्ही या दुकानाला किती जपलं होतं!"

ताईंनी पुडा जागेवर ठेवला. घरी आल्यावर त्यांनी सगळे सांगितले. तरीही बाबा म्हणाले, "थांब अजून."

"तुम्ही सारखं थांब का म्हणता? खरं सांगा."

बाबा गुडघा चोळू लागले. "शेअर विकले की ऑपरेशनची तारीख ठरेल. मला त्या टेबलावर झोपायची भीती वाटते, अंजू."

ताई त्यांच्याजवळ बसल्या. "भीती मलाही वाटते. पण तुम्ही उठेपर्यंत मी दाराबाहेरून हलणार नाही."

सोमवारी आम्ही शेअर दलालाच्या ऑफिसात गेलो. तिथल्या यादव नावाच्या कारकुनाने फॉर्म भरून घेतला. ताईंनी माझे एक टोक घट्ट धरले होते.

"हा परत मिळणार नाही ना?"

"नाही, मावशी."

त्यांनी टोक सोडले. शिक्का बसला. दुखले नाही, पण भीतीने मी गारठलो.

आता मी कारकुनाच्या टेबलावर, कंपनीकडे जायच्या पाकिटात पडून आहे. भाव पुढे चढेल की आणखी पडेल, कोणालाच ठाऊक नाही. मित्रांनो, कागद जपता तसे ते अधूनमधून उघडून वाचतही जा. आणि घरातले कोणी एखादी गोष्ट पुढे ढकलत असेल, तर त्याच्यावर चिडू नका. जवळ बसा आणि त्याला कशाची भीती वाटते ते विचारा.

पाकिटाबाहेर ताई तिथेच बसून फोनवर इस्पितळाशी बोलत आहेत. आवाज कापतो आहे, तरी त्या तारीख मागत आहेत.