गुलाबचंदच्या नावाखालचा टाका

मुकुंदला स्वतःच्या खापरपणजोबांचं नाव धड ठाऊक नव्हतं, आणि तो दुसऱ्याच्या सात पिढ्या सांभाळत होता. सुखाचा जीव दुःखात घालणं म्हणतात ते हेच.

झालं होतं असं. त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याचा रेडिओ खरखरू लागला, म्हणून तो नागपूरच्या महाल भागातून इतवारीत ताराचंदच्या दुकानी गेला. ताराचंदची जात विणकराची, पण हातात आता धोट्याऐवजी स्क्रू-ड्रायव्हर. दुकानाच्या मागच्या अंगाला त्याचे वडील नानाजी बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, नाकावर जाड भिंगाचा चष्मा, आणि मांडीवर पांढऱ्या कापडाचा एक लांबलचक पट्टा. त्यावर ते बोरूनं काहीतरी लिहायला बघत होते. ओळ वाकडी जात होती, शाई फुटत होती. मुकुंद सरकारी कचेरीत कारकून. वाईट अक्षर दिसलं की त्याला राहवत नसे. "द्या इकडे," म्हणून त्यानं बोरू घेतला, आणि तिथंच तो फसला.

कापडावर वंशावळ होती. नानाजींच्या वडिलांनी आपल्या मागावरचं शेवटचं कापड विकलं नव्हतं, घरातल्या माणसांची नावं लिहायला ठेवलं होतं. मूळ पुरुष वरती, खाली त्याच्या शाखा, डहाळ्या. कोणाकडे मूल झालं, लग्न झालं की नाव चढे. माणूस गेलं की नानाजींची बायको सखूबाई त्याच्या नावाखाली लाल सुताचा एक टाका घाली. बस, एवढाच टाका. नाव खोडायचं नाही, काही लिहायचं नाही.

"कागदावर खोडता येते, मुकुंदबाबू," नानाजींनी पहिल्याच दिवशी बजावलं. "कापडावर शाई पडली का पडली. म्हून कोणाच्या तोंडची गोष्ट आइकून लिहाची नाही. ज्याच्या घरची गोष्ट, त्याच्या घरच्या उंबऱ्यावर जाऊन विचाराची. मरणाची तं पह्यले विचाराची."

"माझ्यावर टाकताय का हे सगळं?"

"माह्ये डोळे गेले ना बाप्पा. ताराचंदचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मंग कोणावर टाकू?"

तेव्हापासून कचेरी सुटली की मुकुंदची सायकल आपोआप इतवारीकडे वळू लागली. धान्याच्या हातगाड्यांमधून वाट काढत तो जायचा आणि भर रस्त्यात कोणीतरी त्याला अडवायचं. "मुकुंदबाबू, माह्या साळ्याले पोरगी झाली, चढवून द्या ना!" साळा त्या कुळातला नाही हे त्या माणसाला समजावता समजावता मुकुंदचा घसा कोरडा पडे. घरी त्याची बायको अरुंधती वेगळीच. ती म्हणे, "आपल्या घरची वंशावळ मामंजी गेल्यापासून ट्रंकेत आहे. तिला कसर लागली तरी तुम्हाला पर्वा नाही. आणि तिकडे बारसं झालं की तुमचा पाय घरात ठरत नाही." मुकुंद ऐकून न ऐकल्यासारखं करी. खरं सांगायचं तर त्याला ते काम आवडू लागलं होतं. कचेरीत तो नावं लिहायचा ती कोणाची असतात ते त्याला कधी कळलंच नव्हतं. इथं प्रत्येक नावाला तोंड होतं आणि प्रत्येक तोंड त्याला चहा पाजत होतं.

फक्त एका नावापाशी आलं की नानाजी गप्प होत. कापडाच्या अगदी शेवटच्या फांदीवर, त्यांच्या स्वतःच्या नावाला लागून ते नाव होतं. गुलाबचंद. त्यांचा धाकटा भाऊ. नानाजी त्या नावावर बोट ठेवत, काढून घेत आणि म्हणत, "पुढं चला."

शेवटी मुकुंदनं ताराचंदच्या बायकोला, पुष्पलताला विचारलं. तिनं आधी मागं वळून पाहिलं, मग हळू आवाजात सांगितलं. काही वर्षांपूर्वी दुकानाला जागा हवी म्हणून नानाजींनी घरातला बापाचा माग मोडला आणि मागाचा खड्डा बुजवून फरशी टाकली. गुलाबचंदला विचारलं नाही. तो आला, फरशी पाहिली, आणि "दादा, तू बापाले पुरलं इथं," एवढं बोलून बायको-पोरांसह कुहीला निघून गेला, सासऱ्याच्या धानाच्या शेतीवर. मग ना येणं ना जाणं. इतवारीत कुहीची माणसं येत, पण नानाजींसमोर त्या घरचा विषय काढायची कोणाची छाती नव्हती.

"आणि ह्या हिवाळ्यात मामाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं," पुष्पलता म्हणाली. "दोनी डोळ्यांले पट्टी. डॉक्टर म्हणे मान हालवाची नाही, अन् रडाचं तं मुळीच नाही, रडले तं डोळा जाईन. अन् तवाच कुहीचं कार्ड आलं. कोपरा फाडलेलं."

कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे काय ते सांगायला नको. कोणीतरी गेलं. वाचून पाहिलं तर गुलाबचंद.

"मी ते लुगड्यात लपवलं. हे जातो म्हणत होते, पण मामाजी दवाखान्यात यांचं मनगट सोडे ना. उठले का इचारत, कुठं चालला? यांले खोटं बोलता येत नाही. पट्टी निघाली तवा सांगितलं. तोवर तेरवी होऊन गेलती." पुष्पलतानं पदरानं तोंड पुसलं. "मामाजी मले एक शब्द बोलले नाही. रडलेही नाही. आता डॉक्टर रडा म्हणते तरी रडत नाही. म्हणते, ज्याच्या मातीले गेलो नाही त्याच्यासाठी रडाचा हक्क कुठी हाय मले?"

मुकुंदनं कापड उलगडून पाहिलं. गुलाबचंदच्या नावाखाली टाका नव्हता. सखूबाईनं लाल सूत ओवून सुई कधीची कापडाच्या कडेला टोचून ठेवली होती. पण नानाजींचा नियम नानाजींनाच आडवा आला होता. मरणाची गोष्ट उंबऱ्यावर जाऊन विचारायची, आणि त्या उंबऱ्यावर जायला त्यांचं पाऊल उठत नव्हतं.

त्या संध्याकाळी नानाजी आपण होऊन म्हणाले, "मुकुंदबाबू, तुमी जाता का कुहीले? त्याचे लेकरं, नातवंडं कोण कोण हायेत, इचारून या. कसा गेला तेही इचारा. मंग घालू टाका. मले त्याले असा अधांतरी ठेववत नाही." आवाज कोरडा होता. मुकुंदला वाटलं, ह्यापेक्षा म्हातारा ओरडला असता तर बरं.

रविवारी इतवारीहून अरुंद रुळांची छोटी गाडी पकडून मुकुंद कुहीला उतरला. पिशवीत बोरू, दौत आणि सखूबाईनं दिलेले मुरमुऱ्याचे लाडू. रस्ताभर तो मनात वाक्य जुळवत होता. 'फार वाईट झालं.' 'आम्हाला उशिरा कळलं.' गावाच्या कडेला कौलारू घर सापडलं. अंगणात एक म्हातारा खाटेवर बसून दोरी वळत होता. नाक थेट नानाजींचं.

"कोणाकडे आले गा?"

"कैलासवासी..." एवढं मुकुंदच्या तोंडून निघून गेलं, आणि मग त्यानं जीभ चावली. "म्हणजे, गुलाबचंद यांच्या घरी."

"मीच गुलाबचंद."

मुकुंद अंगणातच मटकन खाली बसला. म्हाताऱ्यानं घाईनं बायकोला हाक मारली, "अवं जना, पाणी आण, यांले ऊन लागलं!" ऊन लागलं नव्हतं. पण पाणी प्यायल्याशिवाय त्याला बोलता येईना हे खरं.

पाणी पोटात गेलं तसा त्याला रागही आला. "अहो, तुमचं कार्ड गेलं नागपूरला! कोपरा फाडलेलं! माणसं सुतकात बसली तुमच्या!"

गुलाबचंदनं दोरी बाजूला ठेवली आणि नजर चुकवली. बोलली ती जनाबाई. "मीच लिहून घेतलं होतं ते. हे विहिरीवर आंघोळ करून राहिले होते, कावळ्यानं डोक्यात चोच मारली. रगत आलं. तुमच्याकडे नाही का मानत? मराचा जोग असते तो. मंग त्या माणसाच्या सख्ख्याले खोटी खबर धाडाची, तो मनापासून रडला का जोग टळते. दोन-तीन दिवसांनी खरं कार्ड धाडाचं, जिवंत हायेत म्हून."

मानतात, हे मुकुंदला माहीत होतं. त्याच्या आत्याच्या बाबतीत असंच झालं होतं, आणि खोट्या खबरीवर सगळ्या घरानं ओक्साबोक्शी रडून मग पेढे वाटले होते.

"मग दुसरं कार्ड?"

"मी लिहाले बसवलं होतं मास्तरले," जनाबाई म्हणाली. "तं हे म्हणते, थांब. दादा येते का पाहू. रोज गाडीच्या टाइमाले रस्त्याकडे तोंड करून बसत. तेरवीचा दिवस गेला. मंग म्हणे, माह्या मरणावरही आला नाही ना? मंग राहू दे त्याच्यासाठी मले मेलेलाच. मी किती सांगितलं! ऐकतील तं शपथ!"

"भांडण इतकं झालेलं, तरी खबर नानाजींनाच कशी धाडली?"

जनाबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं काही खुळ्यासारखं विचारलं होतं. "रडणारं माणूस सख्खं पाहिजे ना. मंग दुसरं कोण हाय यांले?" आणि मग तिनं, पोटात कधीचं दाबून ठेवलेलं विचारलं, "बाबूजी, एवढं सांगा फक्त. माह्ये भासरे, यांचे दादा, रडले का नाही? रडले नसतील तं तो जोग अजून यांच्या डोक्यावर हाय. मले रात्रंदिवस झोप नाही."

मुकुंदनं खरं ते सांगितलं. दवाखाना, दोन्ही डोळ्यांची पट्टी, पुष्पलतानं लपवलेलं कार्ड, रडायचा हक्क नाही म्हणणारा म्हातारा. सांगता सांगता त्याला दिसलं की गुलाबचंदचा चेहरा हळूहळू बदलत चालला आहे.

"डोळे?" तो म्हणाला. "दादाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं? अन् मले कोणी काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही मेला होतात ना," मुकुंद म्हणाला.

जनाबाई फस्सकन हसली आणि लगेच तोंडाला पदर लावून रडू लागली. गुलाबचंद उठला. घरात गेला, आणि बाहेर आला तो अंगात धुतलेला सदरा आणि डोक्याला टोपी घालूनच. "गाडी किती वाजता हाय?" त्यानं विचारलं. वहाणा त्यानं चुकीच्या पायांत घातल्या होत्या, पण ते त्याला सांगायचं कोणाला सुचलं नाही.

तिघं दिवेलागणीच्या आधी इतवारीत पोचले. मुकुंदनं दोघांना दुकानाबाहेर उभं केलं. नुकतेच सावरलेले डोळे, एकदम धक्का नको, ह्या विचारानं तो आत एकटा गेला. नानाजी कापड मांडीवर घेऊनच बसले होते. सखूबाई शेजारी, सुई हातात.

"काय म्हणाले?" नानाजींनी विचारलं.

"टाका घालता येत नाही, नानाजी."

"काहून?"

"तुम्हीच सांगितलं होतं, घरच्यांना विचारून घालायचा. मी उंबऱ्यावर जाऊन विचारलं. नाही म्हणतात."

"नाही म्हणतात? कोण नाही म्हणते?"

"गुलाबचंद."

नानाजी चष्म्यातून त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांना दारात कोणीतरी उभं दिसलं. भिंगातून नीट दिसत नव्हतं, म्हणून ते उठून पुढं गेले, अगदी जवळ, आणि त्यांनी हातानं त्या माणसाचं नाक, गाल, कपाळ चाचपून पाहिलं. डोक्यावर टोपीखाली जुना व्रण बोटांना लागला.

"कावळा?" त्यांनी विचारलं.

"हो ना दादा."

"अबे गाढवा," नानाजी म्हणाले, आणि मग त्यांना रडू फुटलं. भावाच्या खांद्यावर तोंड ठेवून ते लेकरासारखे हमसून हमसून रडले. पुष्पलता पुढं धावली. "मामाजी, डोळे!" सखूबाईनं तिला धरलं. "रडू दे वं. आता रडाले काही हरकत नाही." मुकुंदनंही आपले डोळे सगळ्यांसमोर पुसले. लाज कशाची?

जनाबाई तेवढ्यात खाली बसली होती. तिनं जमिनीला डोकं टेकवलं. "रडले," ती म्हणाली. "सुटलो बाप्पा. टळला जोग."

चहा झाला, लाडू फुटले. फरशीकडे गुलाबचंदनं एकदा पाहिलं, नानाजींनी ते पाहिलं, आणि म्हणाले, "माह्यं चुकलंच." गुलाबचंद म्हणाला, "माग तं आता माह्या घरीही नाही." तेवढ्यावर ते मिटलं. मग गुलाबचंदनं कापड ओढून घेतलं आणि आपल्या नावावर वाकला. नावाच्या खाली, वर, आजूबाजूला बोट फिरवत राहिला. कुठंच काही नव्हतं. कोरं कापड.

"दादा, मले वाटलं तूनं कधीचाच टाका घातला असशीन."

"सुई रोज ओवून ठेवत होती तुही वहिनी," नानाजी म्हणाले. "माह्याच्यानं हो म्हणवलं नाही."

गुलाबचंदनं सुईतलं लाल सूत दातानं तोडलं, गोळी करून खिशात घातलं आणि मुकुंदकडे वळून नाक पुसत म्हणाला, "लिहा मुकुंदबाबू. दोन सुना आल्या, चार नातवंडं झाली. थोरलीचं नाव घ्या आधी."

मुकुंदनं दौतीचं झाकण उघडलं. अरुंधती आज जेवायला वाट बघणार, हे त्याला माहीत होतं. पण घरी गेल्यावर ट्रंक उघडून बघावी, असंही त्याला पहिल्यांदाच वाटलं.

"बोला," तो म्हणाला.