विठूची हॅट

सगुणाच्या धंद्याला रत्नागिरीजवळच्या मिऱ्या गावात कुणी धंदा म्हणत नसे. मासळी विकणं हा धंदा, आंब्याच्या पेट्या भरणं हा धंदा. पण लोकांच्या माळ्यावरच्या जुन्या पगड्या नि टोप्या हुडकून आणायच्या आणि दुसऱ्यांच्या डोक्यावर चढवायच्या, हे काय काम झालं? 'सगुणा साऱ्या रत्नागिरीला टोपी घालते' ही थट्टा तिने इतक्या वेळा ऐकली होती, की करणाऱ्याकडे ती मान वर करूनही बघत नसे. त्याच थट्टेखोरांच्या घरात लग्न निघालं, की व्याह्यासमोर मिरवायला पगडी लागे, आणि ती मिळे सगुणाकडे.

काळच तसा आला होता. झाडगावातले आणि वरच्या आळीतले वकील-मास्तर पगड्या उतरवून काळ्या टोप्या घालू लागले, त्यांची पोरं खादीच्या पांढऱ्या टोप्या घालू लागली, आणि वाडवडिलांच्या पगड्या माळ्यावर झुरळांच्या वाट्याला आल्या. सगुणा मागीलदारी जाऊन उभी राही. घरातल्या बायका अडगळ गेली म्हणून ती सांगेल त्या किमतीला पगडी देऊन टाकत. ती कुणाच्या डोक्यावरची, हे सगुणा विचारत नसे आणि विकताना सांगतही नसे. घरी आणून ती उन्हात टाकायची, लाकडी कालबुतावर, म्हणजे डोक्याच्या साच्यावर, चढवून घट्ट बसवायची. साहेबी हॅट असली तर भाताच्या कोंड्याने घासून पेजेच्या वाफेवर धरायची, म्हणजे पडलेली कड पुन्हा उभी राही. मुंबईहून आलेला एखादा चाकरमानी फोटोसाठी हॅट नेई, एखादा कारकून नव्या नोकरीसाठी टोपी. शिमग्याआधी सोंगं काढणारे नमन-खेळेवाले येत. त्यांना देवापासून साहेबापर्यंत सगळ्यांचीच डोकी झाकायची असत.

या कामात तिचा हात बसला होता. आनंद मात्र नव्हता, आणि कंटाळाही नव्हता. खरं सांगायचं तर तिला कशाचंच काही वाटत नसे. जेवली तर जेवली, नाही तर नाही. नवरा गेल्यापासून ती अशीच होती.

आता गेला म्हणजे मेला, असंही नाही. तेवढं जरी कळलं असतं तरी पुष्कळ होतं. विठू मोठ्या बोटीवर खलाशी होता. एका शिमग्याला तो सुट्टीवर आला तो डोक्यावर तपकिरी हॅट घालून. मुंबईच्या जुन्या बाजारातून घेतलेली, कुणा साहेबाची उतरलेली. ती घालून तो आळीतून असा काही चालला, की म्हातारेकोतारे हसून हसून ओटीवर बसले, आणि त्यांच्यापेक्षा जास्त तो स्वतः हसला. परत जाताना त्याने हॅट खुंटीला लावली. दर्यावरचा वारा ती डोक्यावर ठेवायचा नाही, म्हणाला. त्यानंतर बोट परत आली, तो आला नाही. कुठल्याशा बंदरात तो उतरला आणि बोट सुटायचा भोंगा झाला तेव्हा कुठेच दिसला नाही, एवढंच बरोबरच्यांना ठाऊक. कुणी म्हणालं बुडाला, कुणी म्हणालं तिकडेच दुसरं बिऱ्हाड केलं.

सगुणाला रडू फुटलं तेव्हा आळीतल्या साऱ्या बायका धावून आल्या, त्या रडायला नव्हे, तिला गप्प करायला. जित्या नवऱ्याच्या नावाने रडणं म्हणजे त्याला आपल्या तोंडाने मारणं, असं त्यांनी तिला बजावलं. सगुणाने पदर तोंडात कोंबला. तो कोंबला तो कोंबलाच. कपाळावरचं कुंकू तसंच राहिलं, आणि हळूहळू आतलं सगळं थिजून गेलं.

त्याच पावसाळ्यात घरातले तांदूळ संपले. हातखंब्याचा दादू खेळ्यांमध्ये साहेबाचं सोंग घेई. त्याला हॅट हवी होती, म्हणून सगुणाने खुंटीवरची काढून देऊन टाकली. दादूने आणखी चार खेळेवाल्यांना सांगितलं, ते विचारत आले, आणि असा हा धंदा सुरू झाला.

यंदा शिमगा सरला आणि विठूला जाऊन बारा वर्षं झाली. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला, की त्याचा पुतळा करून दहन करायचं, ही रीत. धाकटा दीर रावजी तसं बोलला, तेव्हा सगुणा सुपात कोंडा पाखडत होती. 'करा' म्हणाली आणि पाखडत राहिली. विधी झाला की ती रांडाव होणार होती, पण निदान काहीतरी होणार होती. इतकी वर्षं ती ना सवाशीण होती ना विधवा, आणि आता यातून एकदाचं सुटावं एवढंच तिला वाटत होतं. निदान वाटायला हवं, असं तिला वाटत होतं.

अडून बसली ती सासू. सोनूबाईला आता दिसत नव्हतं, ओटीवरच्या खांबाला टेकून ती दिवस काढी. मुलाच्या अंगाला लागलेली एखादी वस्तू पुतळ्याबरोबर गेलीच पाहिजे, असा तिचा हट्ट. त्याच्या धोतराची गोधडी होऊन तीही विरून गेली होती, बंडी रावजीने फाटेपर्यंत वापरली होती. राहिली हॅट.

"त्येच्या अंगचा कायतरी आगीत जायला हवा," सोनूबाई म्हणाली. "नायतर भटजी मंत्र म्हनंल आनि ता पोचंल दुसऱ्याच कुनाला. विकलीस तू, आता हुडकून आन तूच."

रावजी चिडला. बारा वर्षांची टोपी कुठे राहिली असेल, असं त्याचं म्हणणं. पण त्या हॅटवाचून भटजींना बोलावू देणार नाही, असं म्हातारीने सांगून टाकलं, आणि म्हातारीपुढे त्या घरात कुणाचं चाललं नव्हतं.

सगुणाने गाठोडं बांधलं. बदल्यात द्यायला एक साहेबी सोला हॅट आणि एक बरीशी लाल पगडी घेतली, आणि उन्हं चढायच्या आत हातखंब्याची वाट धरली. डोक्यावर गाठोडं, पायांखाली तापायला लागलेला कातळ. पुढे काय होईल, याचा विचार तिने केला नाही. रोजच्यासारखीच ती एका हॅटीच्या मागावर निघाली होती.

दादू अंगणात दोर वळत बसला होता, तिला बघून हसला. आता वय झालेलं, पण साहेबाचं सोंग अजून त्याच्याकडेच होतं. सगुणा कशासाठी आली ते ऐकल्यावर तो हसायचा थांबला, आत गेला, सोंगांची पेटी उघडली आणि दोन तपकिरी हॅटी आणून तिच्यापुढे ठेवल्या.

"दोनव तुज्याकडच्याच," तो म्हणाला. "त्यातली पयली कुठची, ता मला काय आठवत नाय. दोनव मी घातल्यात."

सगुणाने एक उचलली, उलटी केली, मग दुसरी. कड गेलेली आहे, आतला पट्टा कुजलाय, कसर लागलेली आहे, हिला आता कोण विचारतो, असं ती बोलून गेली. कुठलाही माल हातात घेतला की तिच्या तोंडून हेच यायचं. दादू तिच्याकडे बघत राहिला. ती नवऱ्याची हॅट मागायला आली होती आणि तिची किंमत पाडत होती. हे तिच्याही ध्यानात आलं. तिला लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही.

तिने दादूला दोन्ही हॅटी घालून दाखवायला लावल्या. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो आधी एक घालून चालला, मग दुसरी. चालताना त्याला सवयीने साहेबाची ऐट आली, आणि ती आल्याबरोबर तो ओशाळून थांबला. सगुणाने नीट बघितलं. विठू आळीतून चालत गेला होता ते तिला आठवत होतं. लोक हसले ते आठवत होतं. पण हॅटीखालचा चेहरा काही केल्या येईना. पडवीच्या कडेला बसून ती दोन्ही हॅटी मांडीवर घेऊन कितीतरी वेळ चाचपत राहिली. रत्नागिरीत कुणाच्या डोक्यावर आपली कुठली पगडी आहे हे पाठीमागून ओळखणारी बाई, तिला घरच्या खुंटीवरची हॅट ओळखता येईना. शेवटी तिने दोन्ही मागितल्या. दादूने सोला हॅट घेतली, पगडी परत केली आणि तिला पाणी दिलं.

घरी आल्यावर तिने सासूपासून काही लपवलं नाही. दोन होत्या, कुठली त्यांची ते मला कळत नाही, असं सरळ सांगितलं आणि दोन्ही हॅटी म्हातारीच्या हातात दिल्या. सोनूबाईने त्या आतून-बाहेरून चाचपल्या, तोंडाशी नेऊन वास घेतला. दोन्हींना दादूच्या सोंगाच्या रंगाचा आणि घामाचाच वास होता. आईलाही कळेना.

"मोटी ती घे," म्हातारी शेवटी म्हणाली. "त्येचा डोका मोटा व्हता."

सगुणाने मोठी बाजूला काढली. विठूचं डोकं मोठं होतं की नाही, हेही तिला आठवलं नाही.

ठरल्या दिवशी सकाळी भटजी आले. घरापुढच्या खळ्यात दर्भ आणि पळसाची पानं रचून त्यांनी पुतळा केला आणि डोक्याच्या जागी सोललेला नारळ ठेवला. चार बाया खळ्याच्या कडेला बसल्या होत्या, रडायची वेळ आली की रडायला तयार. सोनूबाईला ओटीवर आणून बसवलं होतं. पुरुष मंडळी पुतळा उचलून समुद्राकडे नेणार, त्याआधी रावजीने हॅट घेऊन नारळावर ठेवली. ती घसरली ती थेट पानांच्या खांद्यांपर्यंत आली. नारळ पार झाकून गेला. रावजीने ती तिरकी करून बघितली, मागे ओढून बघितली. कुणीतरी दबकं हसलं.

सगुणा उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिने रावजीच्या हातून हॅट घेतली, आत जाऊन वर्तमानपत्राचं एक पान आणलं, त्याची लांब घडी घातली आणि आतल्या चामड्याच्या पट्ट्यामागे गोल फिरवून खोचली. सैल टोपीला ती नेहमी असंच करी. मग पुतळ्याशी गुडघ्यांवर बसून तिने हॅट नारळावर चढवली. आता ती घट्ट बसली. दोन्ही हातांनी कड धरून तिने ती जराशी डावीकडे झुकवली, हात सोडले, आणि मागे सरून प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायची तसं विचारलं,

"बघा, बरी बसली का?"

विचारून ती थांबली. गिऱ्हाईक या वेळी मान हलवतं, इकडेतिकडे वळून बघतं, काहीतरी बोलतं. सगुणा हात तसेच अर्धवट वर धरून वाट बघत राहिली. भटजी मंत्र म्हणायचे थांबले. आणि कुणी उत्तर देत नाही असं बघितल्यावर, इतक्या वर्षांनी, तिला कळलं की विठू नाही.

ओटीवरून सोनूबाई बोलली. तिला दिसत काहीच नव्हतं, तिने फक्त ऐकलं होतं.

"बसली गो बाय," ती म्हणाली. "बरी बसली."

सगुणाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडू लागली. कडेला बसलेल्या बाया सवयीने तिला गप्प करायला उठल्या, आणि मग अर्ध्या वाटेत थांबल्या.